करदोट्याखालचा डाग

"पाकिटं कुठंयत?" निर्मलाने पिशवी उलटी करून झाडली. तिच्यातून एक रिकामी बाटली, कापसाचा मळका बोळा आणि चार-दोन वाळक्या लेंड्या खाली पडल्या.

"कसली पाकिटं?" बानूबाईने विचारलं.

"आय, मीठ-साखरेची. दसऱ्याला येऊन दिली ती. जुलाब लागले की पाण्यात कालवून प्यायची म्हणून सांगितलं व्हतं. तुझ्याकडनं वदवून घेतलं व्हतं."

"ती व्हय." बानूबाईने चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "कोकरांना हगवण लागली व्हती. लई गुणकारी हायेत बघ. समदी उठून हुबी ऱ्हायली."

निर्मलाने डोळे मिटून घेतले. "आन् पाण्यात टाकायचे थेंब?"

"त्येचा वास येतो. घोडं तोंड लावीना त्या पाण्याला."

"घोड्याला कुणी पाज म्हणलं व्हतं?"

"हंडा एकच हाय, निमे. घोड्याला येगळा हंडा कुठनं आणू?"

गवतातले किडे चावू नयेत म्हणून अंगाला लावायचं तेल कुत्र्याच्या कानात गेलं होतं, कारण त्याला गोचीड झाले होते. तापाच्या गोळ्या मात्र शिल्लक होत्या. त्या कडू असतात म्हणून कुणी हात लावला नव्हता.

झाडाला टेकून उभा असलेला जालिंदर, निर्मलाचा नवरा, हसू लपवायला दुसरीकडे बघू लागला. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या प्रकल्पात तो गाडी चालवायचा. सासुरवाडीच्या भानगडीत बोलायचं नाही हा नियम त्याने लग्नानंतर पहिल्या वर्षीच घालून घेतला होता आणि तो त्याला मानवलाही होता.

निर्मला आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. वीस वर्षं झाली नोकरीला. तिच्या हाताखालच्या गावांतल्या बायका तिच्या शब्दाबाहेर नव्हत्या. सिस्टर म्हणाल्या पाणी उकळा की पाणी उकळायचं, सिस्टर म्हणाल्या लस घ्या की दंड पुढे करायचा. सरपंचसुद्धा तिला बघून तोंडातली तंबाखू थुंकून यायचे. ऐकत नव्हते ते फक्त तिचे आई-बाप आणि भाऊ. तिघं मिळून मेंढरांचा वाडा घेऊन फिरायचे. दसरा झाला की जुन्नरच्या पश्चिमेला घाटमाथ्यावरच्या गवतात, तिथलं गवत सरलं की घाट उतरून कोकणात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत. घर म्हणजे जाळ्याचं कुंपण, त्यात मेंढरं, बाहेर तीन दगडांची चूल आणि घोड्यावर मावेल एवढा संसार. वाडा निघायच्या आदल्या दिवशी दरवर्षी निर्मला औषधांची पिशवी घेऊन यायची आणि सांगायची. ओढ्याचं पाणी तसंच पिऊ नका. गवतात उघड्या अंगानं लोळू नका. मेलेल्या मेंढीला हात लावला तर साबणानं धुवा. अंगावर काही चावलं, खपली धरली, ताप आला, तर आधी मला फोन करा. जालिंदर याला निमाचं कीर्तन म्हणायचा. कीर्तनाला तिघंही मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मनाला येईल तसं वागायचे.

या खेपेला फोन आला तो ताप चढल्याच्या पाचव्या दिवशी, आणि तोही भिकाचा, तिच्या धाकट्या भावाचा. "ताई, तात्याला जरा कणकण हाय. यायची घाई नको." भिकाच्या तोंडी 'घाई नको' आलं की पळत सुटायचं असतं, हे निर्मलाला अनुभवाने माहीत होतं. जालिंदरने शेजारच्या सुभाषची गाडी मागून आणली होती.

एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात वाडा बसला होता. कडेच्या बाभळीखाली तिचे वडील म्हस्कूतात्या घोंगडी पांघरून पडले होते. डोळे तांबारले होते, ओठांची सालं निघाली होती. पिशवी तशीच टाकून निर्मला त्यांच्यापाशी गेली, कपाळाला हात लावला आणि लगेच काढला.

"हे जरा कणकण? तात्या, कवापासनं?"

"झालं आसतील चार रोज. थंडी बाधली. काय न्हाई." बोलताना त्यांना धाप लागत होती.

"डोकं दुखतंय?"

"डोकं हाय तर दुखायचंच."

तिने घोंगडी बाजूला केली. काखा बघितल्या, मान बघितली, पोट दाबून बघितलं. तात्या तोंड फिरवून पडून राहिले, लेकीने असं अंग चाचपावं याची लाज वाटून. धोतराची गाठ सैल करून तिने करदोटा वर सरकवला आणि तिचा हात थांबला. उजव्या बाजूला, कमरेच्या हाडाच्या जरा वर, रुपयाएवढा ताजा डाग होता. कातडी जळून गेलेली आणि कडेने लालबुंद सुजलेली.

निर्मलाच्या डोक्यात तिडीक गेली.

"डाग दिला?" तिने विचारलं. "मी इचारतीय, डाग कुणी दिला? इळा तापवून? परत?"

"आगं निमे, तितं काय झालं व्हतं..." बानूबाई म्हणाली.

"एक शब्द बोलू नको, आय. एक शब्द बोललीस तर मी हितनं निघून जाईन. वीस वरसं झाली. वीस वरसं मी जगाला सांगत फिरतीय, लेकरांना डागू नका, म्हाताऱ्यांना डागू नका, आन् माझ्याच बापाच्या कमरेला इळा लावता तुमी. माझं पोट बघितलंस ना? न्हाऊ घालायचीस तवापासनं बघतीयस. मेंढरालाबी डाग, माणसालाबी डाग. एकदा तरी माझं ऐकलंय का कुणी?"

तिचं म्हणणं खरं होतं. तान्ही असताना पोट फुगलं म्हणून तिच्या बेंबीभोवती दिलेले चार डाग अजून तिच्या अंगावर होते. नर्सिंगच्या हॉस्टेलवर कपडे बदलताना ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. डाग म्हटलं की तिला पुढचं काही ऐकूच यायचं नाही.

बानूबाईने पदर तोंडाला लावला. भिका उगाचच एका मेंढीमागे लांब गेला. "निमे, दम खा," एवढंच जालिंदर म्हणाला आणि त्याने तात्यांना उचलून गाडीत घातलं.

दवाखान्यात वृषाली नावाची तरुण डॉक्टर होती. तिने तात्यांना नीट तपासलं, छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि निर्मलाला बाहेर बोलावलं.

"सिस्टर, हे लोक घाटमाथ्यावरून आलेत ना? गवतात झोपले असतील. गवतातल्या त्या बारीक किड्याचा ताप असू शकतो, स्क्रब टायफस. अंगावर कुठे काळी खपली दिसली का तुम्हाला? सिगरेटने भाजल्यासारखी? काखेत, जांघेत, कमरेला?"

"नाही मॅडम. कमरेला आहे तो डाग आहे. आमच्या लोकांत देतात." निर्मलाला हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाकी सगळं अंग मी स्वतः बघितलंय."

डॉक्टरनेही बघितलं. तो डागच होता, त्यात शंका घ्यायला जागा नव्हती. "खपली नसली तरी तो ताप असू शकतो म्हणा," ती म्हणाली, "पण मग आधी टायफॉइडचं धरून चालू. इंजेक्शन सुरू करते. मलेरिया, डेंग्यू इथेच बघू, बाकी रक्त पुण्याला पाठवू."

मलेरिया निघाला नाही, डेंग्यू निघाला नाही. इंजेक्शन चालू राहिलं आणि तापही चालू राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी निर्मलाला ओळखलं नाही. ते भिकाला हाका मारत होते, मेंढरं ओढ्यात उतरली म्हणून सांगत होते. नाकाला ऑक्सिजन लावला. दुपारपर्यंत उतार पडला नाही तर पुण्याला हलवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाली. हे तिने ज्या आवाजात सांगितलं, तो आवाज निर्मला ओळखून होती. तोच आवाज लावून तिनेही कितीतरी घरांना सांगितलं होतं.

बाप जाणार, असं तिला पहिल्यांदाच स्वच्छ वाटलं. आणि वाटलं तेव्हा रडू आलं नाही, रागच आला. वेळेवर फोन केला असता तर. तेल कुत्र्याला न लावता स्वतःला लावलं असतं तर. नुसतं एकदा ऐकलं असतं तर.

हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने डागाची पट्टी बदलायला घेतली. जखम धुतली, कडा पुसल्या. करदोटा मध्ये येत होता, तो तिने बोटाने वर धरला. आणि तसाच धरून ती बघत राहिली.

डाग इथे का?

ती नर्स नंतर झाली होती, त्याआधी वाड्यावर वाढली होती. डाग कुठे देतात हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तापाला देतात तो पोटाच्या खळीत. काविळीला मनगटावर. पोट दुखलं तर बेंबीभोवती, तेही चार. कंबर धरली तर मागे, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. कमरेच्या कडेला, करदोट्याखाली, एकच डाग कुठल्याच दुखण्याला कुणी देत नाही. तात्या तर नाहीच देणार. आसपासचे वाडे डाग द्यायला तात्यांना बोलवायचे, इतका त्यांचा हात बसलेला होता.

बानूबाई बाहेर नळापाशी तांब्या घासत होती. तो कधीच स्वच्छ झाला होता, तरी घासत होती.

"आय, त्यो डाग तितं का दिला?"

बानूबाई तांब्या अजून जोरात घासू लागली. तिने वर बघितलं नाही.

"आय."

"जाऊ दे ना आता. चुकलं आमचं."

"चुकलं ते ऱ्हाऊ दे. तितं का दिला, तेवढं सांग. तितं आधी काय व्हतं?"

बानूबाईने तांब्या खाली ठेवला. मग पदराने हात पुसले, एक एक बोट करून. "काळं व्हतं," ती म्हणाली. "एवढीशी खपली. करदोट्याखाली कायतरी चावलं व्हतं गवतात. दुखत न्हवतं, खाजत न्हवतं. मग ताप आला. ह्ये म्हणाले, किड्याचं ईख हाय, जाळून टाकावं. सोताच इळा तापवला आन् सोताच लावला. मी नको म्हणत व्हते."

निर्मला नळाच्या कट्ट्यावर बसली. काळी खपली. दवाखाना ज्या एका खुणेवाचून अडला होता, ती खूण बापाने स्वतःच्या हाताने जाळली होती. आणि वर डाग दिसला म्हणून तिने त्याच्याखाली काय असेल हे विचारलंसुद्धा नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगत व्हते की. तितंच, वाड्यावर."

"मग फोनवर? खपली दिसली तवा? मी दरसाली सांगती, खपली दिसली की फोन करा म्हणून."

बानूबाईने आता तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. थंडी पडते, ऊन लागतं, तसं ती सांगत होती.

"तू वरडतीस, निमे. भिका फोन लावाया निघाला की ह्ये म्हणत, ऱ्हाऊ दे, ती वरडंल. पाकिटं कोकरांना दिली ते कळंल, तेल कुत्र्याला लावलं ते कळंल. म्हणलं, आपूआप बरं झालं तर कशाला तिला तरास."

निर्मला उठली आणि डॉक्टरच्या खोलीत गेली.

"मॅडम, मी चुकीचं सांगितलं. खपली होती. तिच्यावरच डाग दिलाय."

वृषालीने पेन खाली ठेवलं. "सिस्टर, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं ना तुम्हाला? तुम्ही स्वतः या लाइनमधल्या. पेशंटकडून नीट माहिती घ्यायची एवढं साधं..." तिने वाक्य अर्धवट सोडलं आणि घाईने उठली. "त्या किड्याच्या तापाचं औषध वेगळं असतं. गोळ्या देता येतील का बघू, नाहीतर सलाइनमधून सुरू करू."

निर्मला उभी राहिली खाली मान घालून. कान तापले होते. आपण बोलतो तेव्हा समोरच्याला असं होतं तर, असं तिला वाटलं. त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं आणि तरी पुन्हा या खोलीत पाऊल टाकू नये असंच मनात आलं.

दुपारी पुण्याची गाडी बोलावली नाही. औषधाने आपलं काम धरलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तात्यांना घाम फुटला आणि त्यांनी दवाखान्यातल्या नर्सला विचारलं, "ह्या खाटंचं तोंड कुठल्या दिशेला हाय?" तिसऱ्या दिवशी ते भाकरी मागायला लागले. दवाखान्यातली खिचडी त्यांच्या मते आजारी कोकराच्या लायकीची होती.

घरी सोडलं तेव्हा तात्यांना आणि बानूबाईला खोडदला निर्मलाच्या घरी आणलं. तात्यांना वाड्यावरच जायचं होतं, पण पायात दम नव्हता. दोन पावलं टाकली की भिंत धरावी लागे. त्यातच भिकाचा फोन आला. शेतकऱ्याला कांद्यासाठी रान नांगरायचं होतं, घाटावरचं गवत सरलं होतं, मेंढरं थांबणार नव्हती. मामाच्या वाड्याला जोडून तो घाट उतरणार होता. तात्यांनी फोन कानाला लावून सगळं ऐकलं, घोड्याच्या नालांचं विचारलं, पांढऱ्या ठिपक्याच्या मेंढीचं विचारलं, आणि "बरं, ये जाऊन" म्हणाले. जन्मल्यापासून त्यांच्याशिवाय वाडा घाट उतरला नव्हता. फोन जालिंदरला परत देताना त्यांना तो बंद कसा करायचा हे समजेना.

मग दिवसभर ते ओट्यावर बसत. समोर शेतांपलीकडे दुर्बिणीच्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या असायच्या.

"काय ऐकत्यात म्हणं त्या?" त्यांनी एकदा जावयाला विचारलं.

"लई लांबचं. आभाळातलं."

"जवळचं येतं का ऐकू?"

"जवळच्या आवाजाचा तर तरास व्हतो म्हणं त्यांना," जालिंदर म्हणाला आणि बायकोकडे बघणं त्याने कटाक्षाने टाळलं. निर्मलाला ते समजलं. ती काही बोलली नाही. हल्ली ती बरंच काही बोलत नव्हती. उपकेंद्रातल्या बायकांना वाटलं, सिस्टरचा घसा बसलाय.

न बोलणं सोपं नव्हतं. तात्या चुळा भरून ओट्यावरून थेट तुळशीत टाकत. बानूबाई उकळलेल्या पाण्यात विहिरीचं गार पाणी घालून ते कोमट करी आणि मग पीत असे. निर्मला हे बघायची, दात आवळायची आणि आत जाऊन पुन्हा पाणी उकळायला ठेवायची. तिची चिडचिड कुठेही गेली नव्हती. नुसती आत कोंडून ठेवली होती.

एका सकाळी ती डबा भरून कामावर निघाली होती. बानूबाई सुपात तांदूळ निवडत होती. जालिंदर बूट घालत होता. तात्यांनी हाक मारली.

"निमे, जरा हिकडं ये. एक सांगायचंय." ते घुटमळले. "वरडणार आसशील तर ऱ्हाऊ दे."

"न्हाई वरडत. सांगा."

त्यांनी डोक्याचा पटका सोडला. त्याच्या एका टोकाला गाठ मारलेली होती. ती सोडवायला त्यांना वेळ लागला. गाठीतून कागदाची पुडी निघाली आणि पुडीतून गोळ्या. दवाखान्यातून दिलेल्या, रोज सकाळ-संध्याकाळ जेवल्यावर घ्यायच्या, संपेपर्यंत सोडायच्या नाहीत अशा. सोडायच्या नाहीत हे तिने बजावून सांगितलं होतं, आणि रोज "घेतली का" विचारलं की तात्या "घेतली की" म्हणत होते.

"ताप उतारला, मग म्हणलं कशाला वाया घालवायच्या," तात्या म्हणाले. "परवापास्नं ठिवल्यात. ती ठिपक्याची मेंढी बसूनच हाय म्हणं, भिका म्हणत व्हता. लई गुणाची मेंढी हाय. म्हणलं, कुणी कोकणाकडं जाणारं भेटलं तर धाडाव्यात."

बानूबाईचं सूप थांबलं. जालिंदरने एकाच पायात बूट असतानाच घरात काढता पाय घेतला.

निर्मलाने तोंड उघडलं. वीस वर्षांचं सगळं घशाशी आलं, पाकिटं, थेंब, तेल, डाग, दवाखान्यातली ती सकाळ. मरता मरता वाचलेला माणूस उरलेलं औषध मेंढीसाठी गाठीला मारून ठेवतो, याला काय म्हणावं तिला समजेना. तात्या तिच्या तोंडाकडे बघत होते. खांदे जरासे आवळून, पावसात उभं राहायची सवय असलेला माणूस राहतो तसे.

तिने तोंड मिटलं. आत जाऊन तांब्या घेऊन आली.

"बरं केलं सांगितलंत ते," ती म्हणाली. "आता ही एक घ्या. बाकीच्या मी माझ्या हातानं देती. डॉक्टरांनाबी इचारती फोन करून. मेंढीचं मी जनावरांच्या डॉक्टरला सांगून बघती, तिची गोळी येगळी आसंल."

तात्यांनी गोळी घेतली, पाणी प्यायले आणि तांब्या परत दिला. तरी ते तिच्याकडे बघतच राहिले. अजून काही यायचं राहिलंय असं त्यांना वाटत असावं. काहीच आलं नाही, तेव्हा त्यांनी भिंतीला हात लावला आणि हळूहळू उभे राहिले.

"हितं गुडघ्याच्या मागंबी कायतरी हाय," ते म्हणाले. "खाजत न्हाई, दुखत न्हाई. दवाखान्यात म्हणलं, कशाला दावायचं. पर तू बघ."

त्यांनी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं आणि तोंड भिंतीकडे केलं. संध्याकाळी मेंढरं वाड्यात आली की ते एकेकीची लोकर फाकवून गोचीड बघायचे, तेव्हा ती मेंढरं अशीच न हलता उभी राहायची. निर्मलाने डबा ओट्यावर ठेवला, चष्मा डोळ्यावर चढवला आणि त्यांच्या पायाशी उकिडवी बसून बघू लागली.